नाव कमावणे आणि नाव सांभाळणे

मराठीत 'नाव' या एका शब्दाभोवती किती वाक्प्रचार जमा झालेत पाहा. मुलगा शिकून पुढे गेला की त्याने घराण्याचे नाव काढले, असे आपण म्हणतो. धंद्यात जम बसला की नाव कमावले. पाय घसरला की नाव घालवले. आणि कुणी चारचौघांत उठून दिसू लागला, की त्याला नावे ठेवायला लोक मोकळेच असतात. पैशाला लावतो ती क्रियापदे आपण नावालाही लावतो. नाव हातात येते तसे ते हातातून जातेही, हे बोलीभाषेला पक्के ठाऊक आहे.

पूर्वी मुलांना 'मोठेपणी कोण होणार?' असे विचारले की डॉक्टर, इंजिनियर, वकील, हाफिज, पायलट अशी उत्तरे यायची. आता कित्येक घरांतून एक नवे उत्तर ऐकू येते: 'फेमस होणार.' कशामुळे फेमस, ते अजून ठरलेले नसते. ते पुढे बघू! आधी मोबाइल हवा, मग रील हवी, मग लाइक मोजायचे. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याची वाटी गार होते, पण नव्या कपड्यांतला फोटो चांगला येईपर्यंत कुणी चमचा उचलत नाही.

या मुलांवर हसायला किंवा रागवायला सोपे आहे. पण आम्हा मोठ्यांचे तरी काय वेगळे आहे? मशिदीला पंखा दिला की त्याच्या पात्यांवर देणाऱ्याचे नाव रंगवलेले हवे असते. हजहून परतणाऱ्या माणसाच्या स्वागताला चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर हाजीसाहेबांपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असतात. लग्नपत्रिकेत कुणाचे नाव वर आणि कुणाचे खाली, यावरून भाऊबंदांत वर्षानुवर्षे अबोला राहिल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील. चारचौघांनी आपल्याला ओळखावे ही भूक सगळ्यांनाच आहे. मुलांच्या हातात ती भागवायचे यंत्र आले, एवढाच फरक.

म्हणून प्रसिद्ध माणूस असणे म्हणजे नेमके काय असते, हे एका खऱ्या आयुष्याच्या आधाराने पाहावे, असे आम्हांला वाटले. त्यासाठी आम्ही मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांचे आयुष्य निवडले आहे. एकेकाळी जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी तो एक चेहरा होता. त्यांना प्रसिद्धी मिळाली, ती हिरावली गेली, परत मिळाली, आणि शेवटी शरीर साथ देईना तरी ती टिकून राहिली. नावाचे सगळे हंगाम त्यांनी पाहिले. शिवाय ते आपल्यासारखेच कलमा वाचणारे होते. नावाचा हिशेब कुणाला द्यायचा आहे, हा प्रश्न त्यांनाही पडत असे.

पाट्या रंगवणाऱ्याचा मुलगा

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुईव्हिल नावाचे शहर आहे. तिथे १७ जानेवारी १९४२ रोजी एका कृष्णवर्णीय कुटुंबात मुलगा जन्मला. त्याचे नाव ठेवले कॅशियस मार्सेलस क्ले. वडील दुकानांच्या पाट्या आणि जाहिरातींचे फलक रंगवत, आई गोऱ्यांच्या घरी कामाला जाई. दुसऱ्यांची नावे ठळक अक्षरांत लिहून देणाऱ्या माणसाच्या घरात, पुढे ज्याचे नाव जगभर लिहिले जाणार होते तो मुलगा वाढत होता.

बारा वर्षांचा असताना त्याची लाल सायकल चोरीला गेली. रडतरागवत तो तक्रार करायला एका पोलिसाकडे गेला आणि चोर सापडला तर त्याला बदडून काढीन, असे सांगू लागला. जो मार्टिन नावाचा तो पोलीस मुलांना मुष्टियुद्ध शिकवत असे. आधी लढायला शीक आणि मग बदडायचे बोल, अशा अर्थाचे काहीतरी तो म्हणाला. सायकल परत मिळाली नाही, पण तालीम सुरू झाली. सहा वर्षांनी, १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये अठरा वर्षांच्या कॅशियसने सुवर्णपदक जिंकले.

पदक गळ्यात घालून तो गावी परतला, मिरवणूक निघाली, भाषणे झाली. पण गाव तेच होते. ज्याच्यासाठी रोममध्ये अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजले, त्याला लुईव्हिलच्या कितीतरी हॉटेलांत गोऱ्यांच्या शेजारी बसून एक घास खाता येत नव्हता. लोक तुमच्या नावाने टाळ्या वाजवतात याचा अर्थ ते तुम्हांला आपल्या पंगतीत बसवतील असा नसतो. कौतुक आणि इज्जत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला अठराव्या वर्षीच कळले.

प्रसिद्धीचे तंत्रही त्याने लवकर उचलले. गॉर्जस जॉर्ज नावाचा एक कुस्तीगीर होता. तो नटूनथटून आखाड्यात येई, फुशारक्या मारी, लोकांना चिडवी. कॅशियसने १९६१मध्ये पाहिले की या माणसाला हरताना बघायलाही लोक तिकीट काढून येतात. प्रेमाने आलेला असो वा रागाने, तिकिटाचा पैसा सारखाच! मग कॅशियसही स्वतःला सर्वश्रेष्ठ म्हणू लागला, यमके जुळवून प्रतिस्पर्ध्याची टर उडवू लागला, कोणत्या फेरीत हरवणार ते आधीच जाहीर करू लागला.

आजच्या मोबाइलवरही हाच हिशेब चालतो. शिवी देणारी प्रतिक्रिया आणि शाबासकी देणारी प्रतिक्रिया यंत्राच्या लेखी सारखीच मोजली जाते. म्हणून तर सभ्य बोलणाऱ्यापेक्षा वाकडे बोलणारा लवकर पसरतो. आपली मुले या बाजारात उतरतात, तेव्हा तिथे राग हेसुद्धा विकाऊ चलन आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

नावासाठी नाव पणाला

२५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे बावीस वर्षांच्या कॅशियसने सनी लिस्टनला हरवून जागतिक हेवीवेट विजेतेपद मिळवले. जाणकारांनी त्याला जवळजवळ मोडीत काढले होते. आता सगळी दारे उघडणार होती. त्याने फक्त हसायचे होते आणि सगळ्यांना आवडेल असे वागायचे होते. पण त्याने लगेच जाहीर केले की आपण 'नेशन ऑफ इस्लाम'मध्ये दाखल झालो आहोत. काही दिवसांतच त्याचे नाव मुहम्मद अली झाले. जुने नाव गुलामीचे आहे, असे त्याचे म्हणणे होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'नेशन ऑफ इस्लाम'च्या काही शिकवणी आपल्या अकीद्याशी जुळणाऱ्या नव्हत्या. अलींनी १९७२मध्ये हज केला. १९७५मध्ये त्या संघटनेचे प्रमुख एलायजा मुहम्मद वारले. त्यांचे पुत्र वारिस दीन मुहम्मद यांनी अनुयायांना सुन्नी इस्लामकडे वळवले आणि त्यांच्यासोबत अलीही मुख्य प्रवाहात आले. पण ते पुढचे. १९६४मध्ये त्यांना एवढेच कळत होते की आपल्याला एक नवे नाव मिळाले आहे आणि ते आपण स्वखुशीने घेतले आहे.

जगाला ते नाव नको होते. मोठमोठी वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे त्यांना 'क्ले' म्हणत राहिली. अर्नी टेरेल या प्रतिस्पर्ध्यानेही तेच केले. फेब्रुवारी १९६७मध्ये ह्यूस्टनला त्या दोघांचा सामना झाला, तेव्हा ठोसे मारता मारता अली त्याला पुन्हा पुन्हा विचारत होते, माझे नाव काय? जगज्जेता झालेल्या माणसाला स्वतःच्या नावाने हाक मारून घेण्यासाठी इतके भांडावे लागत होते. प्रसिद्ध माणसाचे नाव त्याच्या एकट्याच्या मालकीचे राहत नाही. ते लोकांच्या तोंडी असते आणि लोक त्याचे काय करतील, हे त्याच्या हातात नसते.

खरी कसोटी त्यानंतर दोनच महिन्यांनी आली. अमेरिका व्हिएतनाममध्ये लढत होती आणि सक्तीच्या सैन्यभरतीत अलींचेही नाव निघाले. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या भरती केंद्रात नाव पुकारले गेले. नाव पुकारलेल्याने एक पाऊल पुढे टाकायचे, म्हणजे तो सैन्यात दाखल झाला, अशी रीत होती. अलींनी ते पाऊल टाकले नाही. माझा दीन मला या युद्धात जाऊ देत नाही, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या लोकांना घरात माणसासारखे वागवले जात नसताना दूरदेशीच्या गरिबांवर आपण गोळ्या का झाडायच्या, असाही त्यांचा सवाल होता.

दुसऱ्या महायुद्धात जो लुईस या विजेत्याने सैन्यात राहून प्रदर्शनी सामने खेळले होते. अलींनाही बहुधा तशीच सोय मिळाली असती. गणवेश घालायचा, फोटो काढून घ्यायचे, घरी यायचे! नावाला धक्का लागला नसता. त्यांनी ते नाकारले आणि किंमत ताबडतोब मोजावी लागली. खेळण्याचा परवाना गेला, विजेतेपद काढून घेतले गेले. जूनमध्ये न्यायालयाने पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलरचा दंड ठोठावला. अपील चालू असल्याने ते तुरुंगाबाहेर राहिले, पण पासपोर्ट जप्त झाल्यामुळे परदेशी जाऊनही लढता येईना.

वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे खेळाडूच्या ऐन भरात, साडेतीन वर्षे ते रिंगणाबाहेर होते. कॉलेजांतून भाषणे देऊन त्यांनी घर चालवले. देशद्रोही म्हणून शिव्या खाल्ल्या. ऑक्टोबर १९७०मध्ये त्यांना पुन्हा लढायला मिळाले आणि २८ जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्यांची शिक्षा रद्द केली. हातची वर्षे मात्र कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नव्हते. पुढे १९७४मध्ये किन्शासाला त्यांनी जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत लोळवून विजेतेपद परत मिळवले, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते.

त्यांच्या सगळ्या विजयांपेक्षा आम्हांला ते न टाकलेले पाऊल मोठे वाटते. माणसाला नाव कसे मिळाले, ते त्याच्या हुन्नरावरून कळते. पण त्या नावापेक्षा त्याला काही मोलाचे वाटते का, हे नाव जायची वेळ आल्यावरच कळते.

झगमगाटाची सावली

अली फरिश्ता नव्हते. त्यांची प्रसिद्धी त्यांच्या जवळच्या माणसांना महाग पडली, हेही सांगितलेच पाहिजे. नाहीतर आमचा हा लेखही आणखी एक फ्लेक्स होईल.

लिस्टनशी झालेल्या सामन्याच्या वेळी माल्कम एक्स अलींच्या पाठीशी उभे होते. दोघांत भावाभावांसारखे प्रेम होते. पुढे माल्कम यांनी 'नेशन ऑफ इस्लाम' सोडली. मे १९६४मध्ये घाना देशात दोघे अचानक समोरासमोर आले, तेव्हा अलींनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. नऊ महिन्यांनी, २१ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम यांची हत्या झाली. मनातले बोलायची संधी गेली ती गेलीच. म्हातारपणी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात अलींनी या वागण्याचा उल्लेख सर्वांत जास्त पस्तावा वाटणाऱ्या चुकांमध्ये केला आहे.

जो फ्रेझर हे दुसरे उदाहरण. बंदीच्या काळात फ्रेझर यांनी अलींना पैशांची मदत केली होती आणि त्यांना पुन्हा खेळू द्यावे यासाठी शब्दही टाकला होता. पण सामना गाजवायचा म्हटल्यावर अलींनी त्याच माणसाला गोरिला म्हटले, गोऱ्यांचा हस्तक म्हटले. लोक हसले, तिकिटे खपली. फ्रेझर यांच्या मनातली ती जखम कितीतरी वर्षे भरली नाही. २००१मध्ये अलींनी जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली. २०११मध्ये फ्रेझर वारले, तेव्हा आजाराने थकलेले अली त्यांच्या अंत्यविधीला गेले होते. जिभेने केलेला विनोद तीन मिनिटांत संपतो, पण ज्याच्यावर केला त्याच्या घरात तो तीस वर्षे राहतो. रीलसाठी मित्राची, शिक्षकाची, आजीची खिल्ली उडवणाऱ्या मुलांना हा प्रसंग जरूर सांगावा.

घरचीही ओढाताण झाली. चार लग्ने झाली, मुले वेगवेगळ्या घरांत वाढली. आणि रिंगण वेळेवर सोडवेना. भोवतालच्या गोतावळ्याचे पोट त्यांच्यावर होते आणि टाळ्यांची सवयही सुटत नव्हती. १९८०मध्ये लॅरी होम्स यांच्याकडून आणि डिसेंबर १९८१मध्ये ट्रेव्हर बर्बिक यांच्याकडून हरल्यावरच ते थांबले. एकूण ६१ सामने, ५६ विजय. १९८४मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. जो माणूस बोलण्यासाठी जगभर ओळखला जायचा, त्याचे बोलणे हळूहळू पुटपुटण्यावर आले. हात थरथरू लागले.

ज्यांच्याकडून काही मिळणार नव्हते

तरुण कॅशियस ऑलिंपिकच्या आधी न्यूयॉर्कला गेला होता. शुगर रे रॉबिन्सन हा त्याचा आवडता मुष्टियोद्धा. त्याची वाट पाहत तो बराच वेळ ताटकळत उभा राहिला, पण रॉबिन्सनने त्याला धड विचारलेही नाही. उद्या मी मोठा झालो तर दारात आलेल्याला असा परतवणार नाही, असे त्या मुलाने मनाशी ठरवले. पुढे अली रस्त्यात, विमानतळावर, हॉटेलात थांबून लोकांना सह्या देत राहिले.

पार्किन्सनने हात थरथरू लागल्यावरही ते रोज इस्लामची माहिती देणाऱ्या छोट्या पत्रकांवर सह्या करून गठ्ठे तयार ठेवत. नुसते पत्रक दिले तर लोक फेकून देतील, सही असली तर जपून ठेवतील, हा त्यामागचा साधा हिशेब. कमावलेल्या नावाचा असा उपयोग किती जणांना सुचतो?

जानेवारी १९८१मध्ये लॉस एंजेलिसला एक तरुण नवव्या मजल्यावरून उडी मारायला निघाला होता. पोलीस थकले होते, तो ऐकत नव्हता. अली जवळच होते. ते वर गेले, त्याच्याशी बोलत राहिले आणि अखेर त्याला हाताला धरून खाली घेऊन आले. १९९०मध्ये ते बगदादला गेले आणि सद्दाम हुसेन यांच्याशी बोलून पंधरा अमेरिकी ओलिसांना सोबत घेऊन परतले. १९९६मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत त्यांनी थरथरत्या हाताने पेटवली, तेव्हा तो हात जगाने पाहिला. त्यांनी तो लपवला नाही. आजार झाला म्हणून घरात तोंड लपवून बसणाऱ्या कितीतरी माणसांना त्या दिवशी धीर आला असेल.

दीन काय सांगतो?

आपल्या दीनने नाव मिळण्याला मुळातच वाईट म्हटलेले नाही. सूरह शुअरामध्ये हजरत इब्राहिम (अलै.) यांची दुआ आहे. मागाहून येणाऱ्या पिढ्यांनी आपली आठवण खरेपणाने, चांगल्या शब्दांत काढावी, असे त्यांनी अल्लाहकडे मागितले. एखादा नेक काम करतो आणि लोक त्याची तारीफ करतात, त्याचे काय, असे पैगंबरांना (स.) विचारले गेले, तेव्हा ती मोमिनला आगाऊ मिळालेली खुशखबर आहे, असे त्यांनी सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. तेव्हा मुलाला शाळेत बक्षीस मिळाले आणि मोहल्ल्यात कौतुक झाले, तर आनंद मानण्यात गैर काही नाही.

धोका असतो तो हावेत. तिरमिझीत एक हदीस आहे. बकऱ्यांच्या कळपात सोडलेले दोन भुकेले लांडगे जितकी नासधूस करणार नाहीत, तितकी माल आणि मानमरातब यांची हाव माणसाच्या दीनची करते, असा तिचा आशय आहे. आणि सहीह मुस्लिममधली ती प्रसिद्ध हदीस तर अंगावर काटा आणते. कयामतच्या दिवशी सर्वांत आधी ज्यांचा निवाडा होईल, त्यांत तीन माणसे असतील: रणात मेलेला, इल्म शिकून शिकवणारा आणि सढळ हाताने देणारा. तिघांचीही कामे मोठी. पण एकाला शूर म्हणवून घ्यायचे होते, दुसऱ्याला आलिम, तिसऱ्याला दानशूर. दुनियेत तसे म्हटले गेले, हिशेब तिथेच चुकता झाला. आता पुढे मागायला काही उरले नाही.

उलट हजरत ओवैस करनी यांचे पाहा. यमनहून आलेल्या या साध्या माणसाकडून आपल्यासाठी मगफिरतची दुआ करवून घ्यावी, असे पैगंबरांनी (स.) सांगून ठेवले होते. खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना शोधून काढले, दुआ मागवली आणि कुफ्याच्या हाकिमाला तुमच्यासाठी चिठ्ठी देऊ का, असे विचारले. ओवैस यांनी नको म्हटले. सामान्य लोकांत राहणे मला जास्त आवडते, असे त्यांचे उत्तर होते. पुढे लोकांना त्यांची थोरवी कळली, तसे ते तिथूनही निघून गेले.

हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांची गोष्ट याहून वेगळी. त्यांचे नाव ऐकून फौजा थरारत. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना सेनापतिपदावरून दूर केले. विजय अल्लाहकडून येतो हे विसरून लोक खालिदवर भरवसा ठेवू लागतील, ही त्यांची काळजी होती. खालिद हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या हाताखाली लढत राहिले. पद गेले म्हणून त्यांनी मैदान सोडले नाही.

आपल्या घरात

मग आपल्या घरातल्या त्या 'फेमस होणार' म्हणणाऱ्या मुलाला किंवा मुलीला काय सांगायचे? 'गप्प बस' म्हणून भागणार नाही. आम्हांला सुचते ते असे.

पहिले म्हणजे, 'कशासाठी?' हा प्रश्न प्रेमाने विचारावा. कसले काम करून तुला नाव हवे आहे? गळा असेल तर रियाज कर, खेळ असेल तर पहाटे ऊठ, लिहायचे असेल तर आधी वाच. बारा वर्षांच्या कॅशियसने आधी तालीम सुरू केली, नाव सहा वर्षांनी आले.

दुसरे, घरात एक तरी चांगले काम असे असावे की ज्याचा फोटो निघणार नाही. शेजारच्या आजारी चाचींची औषधे आणून देणे, धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणे, मशिदीतल्या चपला नीट लावणे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तरीही रमजानमध्ये शिधा वाटताना घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असे फोटो काढून पाठवले जातात. आपल्या नावासाठी दुसऱ्याच्या गरिबीची जाहिरात होते. निदान एवढे तरी या रमजानपासून आपण थांबवू शकतो.

तिसरे, मुलांना आधीच सांगावे की नाव झाले की नावे ठेवणारेही येतात. अनोळखी माणसांच्या शिव्यांनी रात्र रात्र झोप न लागणारी मुले-मुली आज आहेत. त्यांना एक घर असे हवे, जिथे लाइक कमी पडले तरी भाकरीचा तुकडा आणि मायेचा शब्द कमी पडत नाही. ज्याला घरात ओळख मिळते, त्याला बाजारात ती भीक म्हणून मागावी लागत नाही.

आणि चौथे, आपल्या काळात मुसलमान नाव असलेला माणूस प्रसिद्ध झाला की तो एकटा राहत नाही. त्याने शतक ठोकले तर लोक त्याचे कौतुक करतात, पण त्याच्या हातून झेल सुटला की बोट कौमकडे वळते. हे न्याय्य नाही, पण आहे. म्हणून मुलांना भिऊन मागे ओढावे असे आम्ही म्हणणार नाही. पुढे जा, पण आपल्या नावासोबत आणखी कितीतरी लोकांची अब्रू चालते आहे याची जाणीव ठेव, एवढे जरूर सांगावे.

याच संदर्भात अलींची एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. हॉलिवूडमध्ये एका रस्त्याच्या फरसबंदीत नामवंतांची नावे ताऱ्यांमध्ये कोरलेली असतात. येणारे-जाणारे त्यांवरून चालतात. २००२मध्ये तिथे अलींच्या नावाचा तारा बसवायचे ठरले. अलींना ते मंजूर नव्हते. आपल्या नावात पैगंबरांचे (स.) नाव आहे आणि त्यावर कुणाचा पाय पडावा हे आपल्याला चालणार नाही, असे त्यांनी कळवले. म्हणून त्यांचा तारा जमिनीवर बसवला नाही. तो एका नाट्यगृहाच्या भिंतीवर लावला गेला. तिथल्या हजारो ताऱ्यांत भिंतीवर असलेला तो एकच. वृत्तपत्रांशी भांडून जे नाव त्यांनी मिळवले, ते आपले एकट्याचे नाही, आपल्याकडे अमानत आहे, हे ते विसरले नव्हते.

३ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. ९ जूनला त्यांच्याच गावी, लुईव्हिलला, हजारो लोकांच्या उपस्थितीत जनाजाची नमाज झाली. आपला अंत्यविधी कसा व्हावा हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. ज्यांनी आयुष्यात कधी जनाजाची नमाज पाहिली नव्हती, अशा असंख्य लोकांनी ती त्या दिवशी टीव्हीवर पाहिली. नमाजेचे शब्द मात्र तेच होते, जे आपल्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही अनोळखी माणसासाठी म्हटले जातात. तिथे कुणाला वेगळी तकबीर नसते.

अल्लाह आपल्या मुलांना चांगले नाव देवो, ते सांभाळण्याची ताकद देवो, आणि जिथे नाव आणि ईमान यांतले एकच निवडायची वेळ येईल, तिथे योग्य ते निवडण्याची तौफिक देवो. आमीन.